दुसऱ्यांदा वापरायचे असेल तर उघडपणे वापरा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

वर्तुळात २ चा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ. ही खूण असलेले उपकरण एकदा वापरून टाकून द्यायचे असते. तरीही हृदयातील विद्युतलहरी मोजणारे कॅथेटर (रक्तवाहिनीतून आत सरकवायच्या बारीक नळ्या), अँजिओप्लास्टीत अरुंद रक्तवाहिनी रुंद करणारे बलून, नळीला वाट दाखवणाऱ्या तारा म्हणजे गाइडवायर, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत दुर्बीण व अवजारे आत घालण्यासाठीचे ट्रोकार अनेक ठिकाणी धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरले जातात. ही उपकरणे महाग असतात आणि रुग्ण ताटकळलेले असतात. निर्जंतुकीकरण विभागात काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे ठाऊक आहे. माझी तक्रार पुनर्वापराबद्दल नाही, तो लपवण्याबद्दल आहे.

लपवलेल्या कामाला लेखी पद्धत नसते. कोणते कॅथेटर कितव्यांदा वापरात आहे याची नोंद नसते, आणि पुढे संसर्ग झालाच तर माग काढायला धागा उरत नाही.

या कामातली सर्वांत अवघड पायरी निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची नाही, त्याआधीच्या धुण्याची आहे. कॅथेटरची पोकळी अरुंद आणि लांब असते. तिच्यात रक्त वाळले की त्याच्या थराखाली जिवाणू सुरक्षित राहतात आणि मग कितीही चांगले यंत्र असो, उपयोग नाही. शिवाय यातली बरीच उपकरणे ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, १२१ किंवा १३४ अंशांची वाफ सोसत नाहीत. म्हणून इथिलीन ऑक्साइड वायू वापरावा लागतो. तो कर्करोगकारक असल्याने नंतर कित्येक तास हवा खेळवून उपकरणातून पूर्ण काढावा लागतो. घाईच्या दिवशी नेमके हेच तास कापले जातात. निर्जंतुक करण्याचा दुसरा मार्ग, हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू), कमी तापमानावर चालतो, पण फार लांब, बारीक नळीत तो नीट पोचत नाही. आणि जिवाणू मेले तरी त्यांच्या आवरणातले एंडोटॉक्सिन नावाचे विष मागे राहू शकते. ते रक्तात गेले की रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो.

एवढे करूनही प्रश्न उरतो तो उपकरणाच्या मजबुतीचा. एकदा फुगवलेला बलून पहिल्यासारखा राहत नाही. निर्जंतुक असलेले उपकरण हृदयात तुटले तर?

हे सारे सांभाळून काम करता येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली ठरवले की अशा उपकरणावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला मूळ उत्पादकासारखेच नियम लागू होतील. युरोपीय संघाचे २०१७ चे नियमही, सदस्य देशाने परवानगी दिली असेल तरच, साधारण हीच जबाबदारी टाकतात. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ मध्ये नोंदवले की उपलब्ध माहितीत जादा धोका दिसत नाही, पण ती माहिती अपुरी आहे. मला ही दोन्ही वाक्ये सारखीच महत्त्वाची वाटतात.

म्हणून विनंती अशी. कोणती उपकरणे पुन्हा वापरता येतील आणि जास्तीत जास्त किती वेळा, याची यादी तज्ज्ञांकडून करून घ्या. सुया आणि सिरिंज त्या यादीत कधीही नकोत. प्रत्येक उपकरणाला क्रमांक द्या, धुण्यापासून चाचणीपर्यंतची नोंद सक्तीची करा आणि धुणाऱ्या हातांना रीतसर प्रशिक्षण व पुरेसा वेळ द्या. ज्या रुग्णालयाला हे जमणार नाही, त्याला परवानगी देऊ नका. रुग्णाला आधी सांगा, त्याची संमती घ्या, आणि वाचलेल्या पैशांचा वाटा त्याच्या बिलात दिसू द्या. आज अनेकदा नव्याचेच पैसे आकारले जात असतील, तर ती उघड फसवणूक आहे.

आणखी एक कलम मला फार गरजेचे वाटते. 'हे उपकरण नीट स्वच्छ झालेले नाही, मी ते पुढे पाठवणार नाही' असे म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याला कायद्याचे संरक्षण हवे. शस्त्रक्रिया खोळंबली म्हणून त्याच्यावर कारवाई होता कामा नये.

कळावे,
आपली विश्वासू,
निर्जंतुकीकरण विभागातील एक परिचारिका