चतुर्दशीचा चांद दाखवणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाल्यावर मी फोटो घेऊन तुमच्या घरी आलो होतो. दाराला कुलूप होतं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "कारखान्यावर गेलेत, आता पाडव्यालाच." म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुमच्या ऊसतोड टोळीतल्या एखाद्या पोराच्या मोबाईलवर आलं, तर तो रात्री कोपीसमोर तुम्हाला वाचून दाखवेल. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, कारण त्याबद्दल मी तुम्हाला विचारलेलं नाही.

कोजागिरीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना बालाघाटाची जी सोंड रस्त्याजवळ येते, तिच्या माथ्यावर एकटा कडुलिंब आहे. त्या लिंबामागून पुनवेचा चंद्र उगवताना टिपायचा, हे तीन वर्षं डोक्यात होतं. दर वेळी एकच व्हायचं. डोंगर दिसेल असा फोटो घेतला की चंद्र नुसता पांढरा ठिपका, त्यावरचे डाग गायब. चंद्र नीट आला की डोंगर काळाकुट्ट. मला वाटायचं, माझी लेन्स कमी पडते. नवीन घ्यायची तर चार-पाच महिन्यांचा पगार जाणार, म्हणून गप्प बसलो होतो.

त्या दिवशी मी फक्त जागा हेरायला आलो होतो. तुम्ही सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढत होतात. माझा ट्रायपॉड बघून आधी म्हणालात, "मोजणीवाले का?" फोटोचं सांगितल्यावर डोंगराकडे बघत तुम्ही जे बोललात, ते मी रात्री वहीत उतरवून ठेवलं: "उद्या कामून? आजच काढा की. उद्या चांद डोंगरावर यीस्तोवर डोंगर काळा पडतंय."

मामा, एवढंच मला तीन वर्षं कळलं नव्हतं. पुनवेचा चंद्र साधारण सूर्य मावळताना उगवतो, पण ती वेळ सपाट क्षितिजाची. मोबाईलवरच्या चंद्रोदयाच्या ॲपमधली वेळही तीच. तुमच्या शेतातून डोंगर तीन बोटं उंच दिसतो. तुम्ही हात लांब करून दाखवलंत तसं मीही मोजलं. लांब धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, मग तीन बोटं ५ अंशांच्या आसपास. चंद्राला एक अंश चढायला चार मिनिटांहून थोडं जास्त लागतं. म्हणजे डोंगरामागून डोकं काढायला वीस-बावीस मिनिटं उशीर. पुनवेला तेवढ्यात उजेड गेलेला असतो. चतुर्दशीला तो पाऊण तास आधी उगवतो, उशीर धरूनही सूर्य असतानाच वर येतो, आणि मग डोंगर आणि चंद्र दोन्ही एकाच उजेडात सापडतात. लेन्सचा काही संबंधच नव्हता.

आणि जागा! चंद्र कुठून उगवेल ते दाखवणारी ॲपमधली रेघ बघून मी विहिरीपाशी ट्रायपॉड लावला होता. तुम्ही म्हणालात, काल त्या घळीतून निघाला, आज तीन बोटं डावीकडं निघणार. आणि चांद सरळ वर येत नाही, उजवीकडं तिरका चढतो, तुम्ही डावीकडं सरका. बांधावरून चाळीस-पन्नास पावलं तुम्हीच मला चालवत नेलंत. घरी येऊन गणित मांडलं. आपल्याकडे चंद्र सरळ रेषेपेक्षा सुमारे १९ अंश उजवीकडे कलून चढतो. डोंगराची उंची चढेपर्यंत तो आपल्याच रुंदीच्या तिप्पट उजवीकडे गेलेला असतो. सव्वा किलोमीटरवरच्या लिंबासाठी ते अंतर निघालं सदतीस मीटर. पन्नास पावलं, मामा!

ॲपनं चंद्रोदय ५ वाजून ४१ मिनिटांचा सांगितला होता. लिंबाच्या बुडाशी पहिली कड दिसली ती ६ वाजून ४ मिनिटांनी. सूर्य आपल्या पाठीशी अजून बोटभर वर होता, कातळावर केशरी ऊन. चंद्र फिकट होता, ताकासारखा. पूर्ण बाहेर यायला त्याला सव्वादोन मिनिटं लागली आणि तेवढा वेळ तुम्ही शेळ्यांना हाकसुद्धा मारली नाहीत. मग तो लिंबामागे सरकला आणि अख्खं झाड त्याच्यात मावलं. सव्वा किलोमीटरवर चंद्राएवढं दिसायला वस्तू साडेअकरा मीटरची लागते, आणि लिंबाचा घेर त्याहून जरा कमी. कॅमेऱ्याचं सेटिंग एफ ८, आयएसओ ४००, सेकंदाचा अडीचशेवा भाग. तीच जुनी ३०० मिलिमीटरची लेन्स. एकसष्ट फोटोंत दोन जमले. त्यातल्या एकात चंद्रावरचे डागही आहेत, लिंबाच्या फांद्याही, आणि कातळाच्या भेगाही.

दुसऱ्या दिवशी कोजागिरीला मी मुद्दाम परत आलो. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. चंद्र लिंबाच्या बराच डावीकडे निघाला, आणि तोवर डोंगर काळा पडला होता.

हे सगळं तुम्हाला कसं माहीत, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही इतकंच म्हणालात की फडात रात्री गाडी भरायची तर उजेड चांदाचाच. कुठल्या तिथीला किती वाजता मोळ्या वाहायला दिसेल, हे तुम्हाला आणि मामींना पाठ झालंय. विसाव्या वर्षापासून कोयता धरला, म्हणालात. मी चंद्र बघायचो तो छंद म्हणून. तुम्ही ते सांगितल्यापासून फोटोत मला मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या शिडीवर चढणारी मामी दिसते. ते मला तुमच्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

मामींनी दिलेला धपाटा आणि ठेचा बीडला पोहोचेपर्यंत संपवला, हे त्यांना सांगा.

"एक कापी मला बी द्या," म्हणाला होतात. बारा बाय अठराची प्रिंट काढून काच बसवली आहे. शेजारच्या आजींकडे ठेवलीय, गोधडीत गुंडाळून, ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात. किल्ली असती तर तुमच्या भिंतीवर लावूनच आलो असतो.

पाडव्यानंतर चैत्राची पुनव येते. तेव्हा चंद्र लिंबाच्या उजव्या अंगाला निघेल, असं माझं गणित सांगतं. चतुर्दशीला चार वाजेपर्यंत मी शेतात येतो. कुठं उभं राहायचं, ते तुम्ही सांगा.

तुमचा,
ट्रायपॉडवाला, बीड