तुर्भ्याच्या गॅरेजमधील दोघांचे आभार

माझ्या जुन्या रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद मागच्या चाकांना मिळणाऱ्या) स्पोर्ट्स गाडीत ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताच मागून ‘धाड्’ असा आवाज येत असे आणि अनेकांनी गाडीखाली न डोकावताच डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) बदलण्याचा सल्ला दिला होता. तुर्भ्याच्या गॅरेजमधील ज्या दोघा मेकॅनिकांनी मात्र गाडी लिफ्टवर घेऊन प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे ताकद नेणारा दांडा) हाताने पुढेमागे फिरवून पाहिला, त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये (वाकू शकणाऱ्या सांध्यात) ढिलाई नसल्याची खात्री केली आणि डिफरन्शियलच्या माउंटिंगपाशी पहार लावून तेथील फाटलेले रबर बुश (धक्के शोषणारे रबरी अस्तर) मला प्रत्यक्ष दाखवले, त्यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. डिफरन्शियल विकण्यात त्यांना अधिक पैसे मिळाले असते, हेही नमूद केले पाहिजे. ठाण्यातून नवे बुश शोधून पाठवणाऱ्या दुकानदारांचाही मी ऋणी आहे.