परभणी ते न्यूयॉर्क : तासांचा हिशेब

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

जानेवारीच्या तिकिटावर मुंबईहून रात्री दीड वाजता निघून त्याच तारखेला सकाळी सात वाजता न्यूयॉर्कला पोहोचण्याची वेळ छापली आहे, ती चूक तर नाही ना, असे बाबांनी फोनवर विचारले होते. चूक नाही. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या आहेत आणि हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते, त्यामुळे दिसणाऱ्या साडेपाच तासांत ते मिळवले की खरा प्रवास सोळा तासांचा निघतो. देवगिरी एक्स्प्रेस परभणीहून मुंबईपर्यंतचे सुमारे साडेपाचशे किलोमीटर कापायला अख्खी रात्र घेते, हे आठवले तर साडेबारा हजार किलोमीटरला सोळा तास आईलाही फार वाटणार नाहीत.

बाबा, शाळेतून निवृत्त होताना तुम्हाला मिळालेला पृथ्वीगोल माळ्यावरून काढा आणि मुंबई व न्यूयॉर्कच्या मध्ये दोरा ताणून धरा. तो सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढेल आणि फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक असा वळसा घेईल. भिंतीवरच्या सपाट नकाशात हा मार्ग लांबचा दिसतो, पण गोलावर तोच सर्वांत जवळचा असतो. प्रत्यक्षात विमान तंतोतंत त्या दोऱ्यावरून जाणार नाही, कारण एप्रिल 2025 पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद आहे आणि आधी अरबी समुद्रावरून फेरा घ्यावा लागतो. त्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, ते येताना तोंडावर आणि परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास चौदा तासांच्या आसपास उरकतो.

दुबईमार्गे तिकीट स्वस्त पडते, हे बाबांचे म्हणणे खरे आहे. अंतरही जेमतेम चारशे किलोमीटरने वाढते. पण तिथे उतरायचे, पुन्हा तपासणी, पुढच्या विमानाची वाट पाहत खुर्चीवर तासन्‌तास बसायचे, आणि आईचे गुडघे! वाचलेले पैसे तिथेच फिटतील, म्हणून मी थेट विमानच घेतले आहे.

देवगिरी सकाळी मुंबईत पोहोचते आणि विमान मध्यरात्रीनंतरचे आहे, तेव्हा दिवसभर मामांकडे विश्रांती घ्या. तारखेचा घोळ मात्र होऊ देऊ नका : रात्री दीड म्हणजे आदल्या दिवशी रात्री दहालाच विमानतळावर हजर राहायचे आहे. बाबांच्या साखरेच्या गोळ्या कोणत्या घड्याळाने घ्यायच्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. हुरडा यंदा चुकेल याची आईला हळहळ आहे, ती मला कळते. पण विमानात तो आणण्याचा विचार करू नका, इथे विमानतळावर काढून घेतील.

तुमची लेक