वंशावळीतल्या लेकी कुठे गेल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जात पडताळणीसाठी काढलेली वंशावळ आपल्याकडे अनेक घरी सापडते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी ती अर्धीच कामाची. तिच्यात खापरपणज्यापासून नातवापर्यंत बापाकडची रांग असते. दिलेल्या लेकी, सुना, मामाचं घर बहुधा नसतंच. सिकलसेल मात्र आई आणि बाप दोघांकडून येतो, आडनाव पाहून नाही.

म्हणून कोरा कागद आडवा धरून तीन पिढ्या नव्याने मांडा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नवरा-बायको आडव्या रेघेने जोडा, खाली मुलं, थोरलं डावीकडे. मामेबहीण केली असेल तर दुहेरी रेघ, वारलेल्यावर तिरकी. एस म्हणजे सिकलसेलचा दोष. एएस पॅटर्न (एकाकडूनच एस आलेला, म्हणजे वाहक) अर्धा काळा, एसएस (दोघांकडून एस, म्हणजे आजारी) पूर्ण काळा. कोरी आकृती फक्त रिपोर्टवर एए (एस नाहीच) असलेल्याला; तपासणी नसेल तर प्रश्नचिन्ह. चूक इथेच होते. "त्याले काहीच होत नाही" म्हणून कोरं सोडतात. अहो, एएसवाल्याला सहसा काही होतच नाही, तो धान रोवत असतो! उलट "काविळीनं गेली", "हातपाय ठणकत होते" एवढ्यावरून आकृती काळी करू नका; ते बाजूला लिहा.

आता तक्ता वाचा. पूर्ण काळ्या मुलाचे आईबाप दोघेही किमान अर्धे काळे हवेत. लेकरू एसएस आणि बाप एए, असं दिसलं की संशय आधी रिपोर्टवर घ्या, बाईवर नाही. सोल्युबिलिटी ही पहिली झटपट चाचणी रक्तात एस आहे का एवढंच सांगते, एएस-एसएस वेगळं सांगत नाही आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती चुकते. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागतेच. रक्त चढवलं असेल तर तपासणीआधी तीन महिने थांबा. शिवाय बाप थॅलेसेमियाचा (रक्ताचाच दुसरा आनुवंशिक आजार) वाहक असू शकतो: त्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह येते, पण आईचा एस मिळून लेकराचा पॅटर्न एसएससारखा दिसतो.

दोघे एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता 25 टक्के, एएसची 50. "एक एसएस झालं, आता पुढची तीन बरी" हा हिशेब खोटा. दर खेपेला फासे नव्याने पडतात.

2023 च्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्यांची तपासणी आहे. म्हणजे आजी-आजोबांपुढे प्रश्नचिन्हंच राहणार. जिवंत असतील तर सोयरिकीआधी त्यांचंही रक्त तपासून घ्या. आणि तक्ता पेन्सिलीने काढा, रिपोर्ट आला की खोडावं लागतं.

आपला,
एक वाचक, जि. गडचिरोली