व्हय म्हाराजा

कुडाळ, रविवार

प्रिय सुध्या,

फोनवर "तू आणि नवस?" म्हणत पोटभर हसलास. बाबा शेजारीच बसले होते म्हणून तेव्हा गप्प राहिलो. आता लिहितो.

बाबांना आयसीयूत नेलं त्या रात्री बाहेरच्या बाकड्यावर मी एकटाच होतो. औषधं आणून दिली, पैसे भरले, सह्या केल्या. मग करण्यासारखं काही उरलंच नाही. पहाटे तीनच्या सुमारास मनातल्या मनात रवळनाथाला म्हटलं, पाच नारळ देतो. विश्वासबिश्वास काही नव्हता रे, हात रिकामे होते.

कॉलेजात तो मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की वाचलेला आठवतो? पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहून त्याने पाहिलं, की आतल्या शांत पाण्यात मासे धरताना तिथले लोक मंत्रतंत्र करत नाहीत, खुल्या समुद्रात जाताना मात्र सगळं यथासांग. तेव्हा तूच वर्गात म्हणालास, "खाडीत गरवायला जाताना नारळ कोण फोडतं? होडी दर्यात लोटताना फोडतात." सर खूश!

पण भीतीपोटी नवस बोललो, हे मान्य. फेडायला का गेलो? बाबा तर घरी येऊन बिनमिठाच्या पेजेवर कुरकुरत होते. ते स्टेंटने वाचले हे मलाही कळतं. तरी रोज रात्री वाटायचं, बोललेलं फेडलं नाही आणि पुन्हा काही झालं तर? पहिल्या भीतीपेक्षा ही चिवट. शेवटी आईला सांगितलं. ती म्हणते, "पाचच? बापाशीची किंमत पाच नारळ?"

देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान बापाशीसाठी जो काय नवस बोललेलो हा, तो आज फेडता हा, तो रुजू करून घे..." आणि मागून दहा-बारा गळे, "व्हय म्हाराजा!" त्यात आमचा शेजारीही होता. बांधावरून दहा वर्षं आमच्याशी बोलत नाही, तो. सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडला. माझा गळा दाटला. चपला शोधायचं निमित्त करून बाहेर आलो.

ते रवळनाथामुळे की त्या माणसामुळे, अजून कळलेलं नाही. मालिनोव्स्कीला विचारायची सोय नाही. बांधाचा वाद अर्थात जागच्या जागी आहे. काल त्याची म्हैस पुन्हा आमच्या कुळथात होती.

शिमग्याला ये. आईने तुझ्यासाठी सोलं राखून ठेवलीयत.

तुझा,
नित्या