जवानाचे शपथपत्र कमांडिंग ऑफिसरसमोर झाले, तर ते स्वीकारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा मुलगा सैन्यात आहे. शेताच्या वारसनोंदीसाठी त्याने आपल्या युनिटमध्ये, कमांडिंग ऑफिसरसमोर (युनिटच्या प्रमुख अधिकाऱ्यासमोर) शपथ घेऊन शपथपत्र पाठवले. सही, हुद्दा, शिक्का सगळे होते. इथल्या कार्यालयाने ते परत केले. नोटरी किंवा तहसीलदारासमोरचे आणा, म्हणाले. म्हणजे सीमेवरच्या पोराने एका कागदासाठी रजा टाकून गावी यायचे.

शपथ अधिनियम, १९६९ चे कलम ३ वाचावे. शपथ देण्याचा अधिकार कोणाला, हे सांगताना न्यायालयांपाठोपाठ तिथे लष्करी, नौदल वा हवाई दलाच्या तळाचा आणि जहाजाचा कमांडिंग ऑफिसर येतो. अट एवढीच, की शपथ तळाच्या हद्दीत दिलेली असावी. हा अधिकार कायद्याने सोपवलेल्या कामापुरता आहे, त्यात महसुली शपथपत्र बसते का, असे कारकून विचारतात. शंका रास्त आहे. पण उत्तरही त्याच कलमात आहे : न्यायालयीन कामाखेरीजच्या शपथपत्रांसाठी राज्य सरकार कोणालाही हा अधिकार देऊ शकते.

बेळगावला मुलाची कसम परेड, म्हणजे नव्या जवानांनी सेवेची शपथ घेण्याचा सोहळा, आम्ही डोळ्यांनी पाहिली. सेना अधिनियम, १९५० च्या कलम १७ प्रमाणे ती शपथ कमांडिंग ऑफिसरने किंवा नेमलेल्या व्यक्तीने द्यायची असते. राज्यघटनेशी निष्ठा, जमीन-समुद्र-आकाश जिथे पाठवतील तिथे जाणे, जिवावर बेतले तरी हुकूम पाळणे. शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीने तिची नोंद जवानाच्या भरतीच्या कागदावर होते. जिवाची शपथ ज्याच्यासमोर चालते, त्याच्यासमोर सातबाऱ्याची का चालू नये? दिवाणी न्यायालयेही या अधिकाऱ्यावर विश्वास ठेवतात. रजा न मिळणाऱ्या सैनिकाला दावा चालवायला दुसऱ्या कोणाला नेमायचे असेल, तर त्या अधिकारपत्रावर त्याने कमांडिंग ऑफिसरसमोर सही करायची, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २८ सांगतो.

शासनाने कलम ३ खाली कमांडिंग ऑफिसरना हा अधिकार स्पष्ट शब्दांत द्यावा आणि तो आदेश तहसीलपासून तलाठ्यापर्यंत पोचवावा. एखाद्या शिक्क्याबद्दल संशय आला, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत युनिटकडे विचारणा करावी. जवानाला बोलावू नये.

– एका जवानाचे वडील, जि. सातारा