अमेरिकेतल्या वोबर्न शहराच्या अ‍ॅन अँडरसन यांना

आदरणीय अ‍ॅनबाई,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, मराठी तुम्हाला येत नाही. तरी पत्र मराठीतच लिहितोय, कारण ज्यांनी हे वाचायला हवं ती माझी माणसं मराठी वाचतात.

तरुणपणी मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो. लेथवरून उतरलेले तेलकट जॉब आम्ही ट्रायक्लोरोइथिलीनमध्ये बुडवायचो. गोडसर वास, आणि बघता बघता तेल साफ. हात मात्र पांढरेफटक पडायचे. वापरून काळं झालेलं ट्रायक्लो शेडमागे मातीत ओतायचो. थोड्या वेळात जमीन कोरडी. आम्हाला वाटायचं, उडून गेलं.

सगळं उडत नाही. ते पाण्याहून जड; मुरत मुरत खालच्या पाण्यापर्यंत पोचतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. हे मला कळलं ते तुमची हकीकत वाचून.

1972 साली तुमच्या मुलाला, जिमीला, रक्ताचा कर्करोग झाला. आसपास त्याच आजाराची आणखी मुलं दिसू लागली आणि तुम्ही विचारायला लागलात, या सगळ्या घरांत सारखं काय? पाणी! नळाच्या पाण्याला वास येतो ही ओरड तर वस्तीत आधीपासूनच होती. डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. पाद्री ब्रूस यंग यांनाही आधी पटेना. मे 1979 मध्ये शहराच्या जी आणि एच या विहिरी बंद झाल्या. जी विहिरीच्या पाण्यात अब्जाला 267 भाग ट्रायक्लो निघालं होतं. आज अमेरिकेत मर्यादा आहे 5. मग यंग यांनी पालकांना बोलावलं, तुम्ही मिळून आजारी मुलांची घरं नकाशावर मांडलीत. सरकारी पाहणीत जिथे 5.3 रुग्ण अपेक्षित होते तिथे 12 निघाले. तो अहवाल जानेवारी 1981 चा. जिमी त्याच महिन्यात गेला.

पोटचं पोर आजारी असताना तुम्ही शेजाऱ्यांची मुलं मोजत होतात. बाई, त्यासाठी तुमचे मनापासून आभार. तुम्ही गप्प बसला असतात तर मीही आजवर 'उडून गेलं' असंच म्हणत राहिलो असतो.

आमच्या शेडजवळ एक बोअर होती. शिफ्ट सुटली की तिथेच हातपाय धुवायचो, घरी न्यायला बाटल्या भरायचो. तिचं पाणी तपासावं म्हणून गेल्या महिन्यात अर्ज दिलाय. सोबत तुमची हकीकत मराठीत लिहून जोडली आहे.

आपला,
भोसरीचा एक जुना फिटर